मांडवीतले गाऱ्हाणे

बोटीच्या फळीवर पाऊल ठेवण्यापूर्वी बाबलमामांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या, आणि त्यांच्यामागे उभी असलेली पर्यटकांची अवघी रांग खोळंबली.

"पात्राव, अहो मालक, वहाणा घालून या," दारात उभा असलेला मिंगेल म्हणाला. मिंगेल हा त्या बोटीवरील कार्यक्रमाचा सूत्रधार. गळ्यात तांबडा रुमाल, डोक्यावर गवती टोपी आणि तोंडात सदैव हसू. "इथे सगळे बूट घालूनच नाचतात."

"नाचतत ते नाचांदे," मामा म्हणाले. "पाण्यार चढताना पायात वहाण घालूची नाय. खाली मांडवी आसा."

"मांडवी खाली आसा, अंकल. मधे लोखंड आसा."

"ता लोखंडाक सांग. माका कित्याक सांगतंस?"

मिंगेलने टोपी काढून त्यांना वाट करून दिली. मामा उजवे पाऊल आधी टाकून, एका हातात वहाणा व दुसऱ्या हातात कापडी पिशवी अशा थाटात 'सोनचाफा' नामक त्या बोटीवर चढले, आणि मी त्यांच्या मागोमाग चढलो. त्या सायंकाळी माझ्या आयुष्याचा निकाल लागणार होता, आणि निकाल देणारा न्यायाधीश अनवाणी होता.

बाबलमामा हे माझ्या आईचे थोरले बंधू. वडिलांच्या पश्चात त्यांनीच मला लहानाचे मोठे केले, आणि बांद्याच्या बाजारात शिवणयंत्र मांडून दिले तेही त्यांनीच. आमच्या आंबेखोल गावी ते देवाचे गाऱ्हाणे घालीत असत. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून, साऱ्या गावाच्या वतीने, खड्या आवाजात केलेली विनवणी. कोणाची गाय हरवलेली असे, कोणाच्या मुलीचे लग्न अडलेले असे. ज्याने त्याने आपले दुखणे मामांच्या कानी घालावे, मामांनी ते देवाच्या कानी घालावे, आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेल्या मंडळींनी "व्हय म्हाराजा" असा एकमुखाने होकार भरावा, अशी आमच्याकडील परंपरा. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाला, मग तो वैरी का असेना, मामांनी कधी विन्मुख धाडले नाही. मात्र "व्हय म्हाराजा" हे शब्द त्यांनी स्वतः कधीही उच्चारले नव्हते. बालपणी मी एकदा त्याचे कारण विचारले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "मागणारो तोच आणि व्हय म्हणणारो तोच, तर मगे मदी देव कित्याक व्हयो?"

आणि त्यांच्या पिशवीत त्या दिवशी एक नारळ होता. आमच्यात मुलगी पसंत पडली की घरातील वडीलधारा तिच्या ओटीत नारळ घालतो. नारळ पडला की सोयरीक पक्की. मग ती मोडण्याची कोणाची प्राज्ञा नाही. पणजीकडे येणाऱ्या एस.टी.त मामांनी तो नारळ मला पिशवीतून काढून दाखविला होता.

"बघून ठेव. परसातल्या माडाचो. पण ह्यो परत आंबेखोलाक जातलो, आताच सांगतंय."

"मग आणलात कशाला, मामा?"

"चेडू बघूक जाताना नारळ न्हेवचो लागता. नाय म्हणूचा तरी रीतीन म्हणूचा."

"न बघताच नाही?"

"म्हणान तर बघूक येतंय. डोळ्यांनी बघल्याबिगर नाय म्हटला तर ता देवाच्या न्यायात बसाचा नाय. बघतलंय आणि मगे नाय म्हणतलंय."

त्यांचा आक्षेप मुलीच्या घराण्याविषयी नव्हता. सुलक्षा गावस ही सत्तरी भागातील, आमच्यासारख्याच देवभोळ्या कुटुंबातील मुलगी. पणजीत आपल्या आईसमवेत राहत होती. आक्षेप होता तो तिच्या कामाविषयी. मांडवी नदीत सायंकाळी पर्यटकांना घेऊन जी बोट फेरी मारते, तिच्यावर ती वाद्यवृंदात गात असे. समोर मेजांवर प्याले, पुढ्यात नाचणारी परगावची माणसे, आणि तिच्या हाती ध्वनिक्षेपक. "दारू पिवन नाचतत तेंच्या म्होरे गाता ती," मामा म्हणाले होते. "उद्या देवळात तिका आरत्येचा ताट कोण देतलो?" आणि आईने तर आपला निर्णय एका वाक्यात संपविला होता: दादा हो म्हणाला तर माझे हो.

माझी व तिची ओळख एका बाहीमुळे झाली. बोटीवरील नाचणाऱ्या व गाणाऱ्या मंडळींचे पोशाख शिवण्याचे काम त्या वर्षी माझ्याकडे आले होते. पोशाख पोहोचविण्यास गेलो असता एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाही काखेत धरते. वरचा सूर लावताना माझा हात वर जातो, तो आता अर्ध्यातच अडकतो. सूरही तिथेच अडकतो." गाण्याचा आणि काखेतील शिवणीचा काही संबंध असू शकेल, हे तोपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते. मी तेथेच बसून शिवण उसवली, काखेत चौकोनी तुकडा बसविला व पुन्हा टाके घातले. तिने बाही चढविली, हात उंच केला आणि एक सूर लावला. त्या सुराबरोबर माझ्या बोटात सुई गेली, आणि ती अद्याप निघाली आहे असे मला वाटत नाही.

असो. बोटीच्या वरच्या मजल्यावर मोकळ्या आकाशाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे लहानसा रंगमंच, मागे पेयांचा ओटा. मामांनी वहाणा खुर्चीखाली ठेवल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि वाढप्याने आणून दिलेल्या कोकम सोड्याचा प्याला प्रथम नाकाशी धरला.

"ह्याच्यात काय नाय ना?"

"नाही मामा. कोकमच आहे."

"रंग बघान माका वायच संशय इलो."

आमच्या शेजारी नागपूरकडील एक जोडपे बसले होते. बाईंचे नाव कुंदाताई वानखडे. देह भरदार, स्वभाव मोकळा; बोटीने काठ सोडण्याच्या आधीच त्यांनी आम्हाला आपल्याजवळील चिवडा दिला होता.

"आमच्या ह्यांनी सालभराचं सोवळं आज सोडलं," आपल्या यजमानांच्या हातातील बिअरच्या प्याल्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "तुमी काहून सरबत पिऊन राहिले जी? दवाखान्याचं काही हाय का?"

"आमी चेडू बघूक इलंव," मामा गंभीरपणे उत्तरले.

कुंदाताईंना शब्द कळला नाही, म्हणून मी खुलासा केला. त्या खुर्चीसकट आमच्याकडे सरकल्या.

"पोट्टी पाहाले? अन् बोटीत? कुठं हाय ती?"

मी रंगमंचाकडे पाहिले. सूर्य नुकताच समुद्राच्या बाजूस टेकला होता आणि नदीचे सारे पाणी तांब्याच्या परातीसारखे लखलखत होते. एका काठाला पणजीचे दिवे एकेक करून उजळत होते, दुसऱ्या काठी डोंगरावरचा किल्ला काळसर होत चालला होता. मिंगेलने स्वागताचे चार शब्द सांगितले, ढोलकीवर थाप पडली आणि सुलक्षा मंचावर आली. निळ्या रंगाचा, मोठ्या घेराचा झगा, केसांत अबोलीचा गजरा. त्या झग्याच्या प्रत्येक चुणीला मी स्वतः इस्त्री फिरविली होती.

तिने कोकणी गीत म्हटले. दूर देशी गेलेल्या खलाशाला घरची माणसे नावे घेऊन घेऊन बोलावीत आहेत, अशा आशयाचे ते गीत होते. वरच्या सुरावर तिचा हात उंच गेला, आणि बाही कोठेही अडली नाही.

दुर्दैव असे की त्याच क्षणी समोरच्या घोळक्यातील एक गृहस्थ भरलेला प्याला डोक्यावर तोलून धरीत नाचू लागले. प्याला पडला. फेस उडाला तो थेट मंचाच्या पायरीपर्यंत. लोक हसले, टाळ्या पिटू लागले.

मामा उठले. "उतरूया."

"मामा, आपण नदीच्या मध्यावर आहोत."

"मगे बोट काठार न्हेवक सांग."

"ती अशी मध्येच कोणासाठी नेत नाहीत."

मामांनी काठाकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले. मग आपली खुर्ची उचलली, पूर्ण फिरविली आणि मंचाकडे पाठ करून बसले. "बघून झाला," ते म्हणाले. "रीत संपली."

मला वाटले, बोटीचा तळच निसटला. सुलक्षाने मंचावरून हे सारे पाहिले होते. तिचा आवाज क्षणभर देखील हलला नाही. परंतु दुसरे गीत सुरू करण्यापूर्वी तिने माझ्याकडे जी दृष्टी टाकली ती मी आजही विसरू शकत नाही. तिच्यात तक्रार नव्हती. फक्त, आता पुढे काय, असा साधा प्रश्न होता.

दुसरे गीत मराठी होते, ठेक्याचे. काही वेळाने कुंदाताईंनी मला कोपराने ढोसले आणि खाली बोट दाखविले. मामांची पाठ मंचाकडे ताठ होती, मुद्रा किल्ल्याच्या भिंतीसारखी कठोर होती, परंतु त्यांच्या उजव्या पायाचा उघडा अंगठा बोटीच्या फळ्यांवर अचूक ताल धरीत होता.

"मामाजी," कुंदाताई म्हणाल्या, "तोंड तिकडं अन् पाय इकडं, असं काहून?"

मामांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. "थंडी वाजता," ते म्हणाले. ते दिवस एप्रिलचे होते.

परतीच्या वाटेवर बोटीला एक मऊसा धक्का बसला. कोणी पडले नाही, काही फुटले नाही. केवळ पाणी पुढे जात राहिले आणि आम्ही थांबलो. यंत्राची घरघर वाढली, मग खोकली आणि बंद पडली. त्याबरोबर दिवे मंदावले, ध्वनिक्षेपक मुका झाला व सुलक्षाचे गाणे ओळीच्या मध्यावर उघडे पडले. तिने ती ओळ तशीच, नुसत्या गळ्याने पूर्ण केली आणि मगच ती थांबली.

खालून निरोप आला. ओहोटीमुळे बोट वाळूच्या उंचवट्यावर टेकली होती. धोका कसलाही नव्हता. भरतीला आरंभ झाला होता, पाणी चढले की ती आपोआप सुटणार होती. मिंगेलने हे हिंदीत, इंग्रजीत आणि कोकणीत सांगितले. तथापि माणसांचा स्वभाव असा की, धोका नाही असे तीन भाषांत ऐकल्यावर त्यांना धोका आहे असे वाटू लागते. एक मूल रडू लागले. कोणी तिकिटाविषयी भांडू लागले, कोणी पोहता येते का अशी परस्परांत चौकशी करू लागले. मघाशी प्याला डोक्यावर घेऊन नाचणारे गृहस्थ तर कठड्याला घट्ट धरून डोळे मिटून बसले होते.

मामा सावकाश उठले आणि पेयांच्या ओट्याकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे धावलो.

"काजूची फेणी आसा?" त्यांनी विचारले.

ओट्यामागील माणसाने मान डोलावली.

"एक गिलास भर. काठोकाठ."

मी स्तंभित झालो. मामांनी दारूला स्पर्श केलेला मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्यामुळे हा सज्जन माणूस उतारवयात या थराला आला की काय, या विचाराने मला घाम फुटला. मामांनी प्याला घेतला, कठड्यापाशी गेले, डोळे मिटले आणि ती फेणी थेंबही न सांडता अलगद पाण्यात सोडली.

"राखणदाराचो मान," ते मला म्हणाले. "पाण्याक राखणदार आसता. तेका कोणी विचारूक नाय. ही सगळी आपणच पितत." मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि नारळ बाहेर काढला.

"मामा," मी म्हणालो, "तो नारळ..."

"गाराण्याक नारळ लागता."

"पण तो..."

"तो परत जातलो होतो, वासू. हय तरी उपयोगाक पडात."

ते मंचाकडे गेले, फेसाने ओली झालेली पायरी खांद्यावरील पंच्याने पुसली आणि तिच्यावर नारळ उभा ठेवला. माझ्या लग्नाचा नारळ आता मांडवीला अर्पण होणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

मिंगेल हा चतुर माणूस. त्याला हा प्रकार ठाऊक होता. त्याने टाळ्या वाजवून लोकांना गोळा केले आणि सांगितले की, हे अंकल आता आपणा सर्वांसाठी देवाशी बोलणार आहेत. ते "म्हाराजा" म्हणून थांबले की आपण सर्वांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. त्याने दोनदा तालीमही घेतली.

मामांनी हात जोडले. ध्वनिक्षेपक बंद होता. त्याची आवश्यकताही नव्हती.

"बा देवा रवळनाथा, माये सातेरी, आणि ह्या मांडवीच्या पाण्याच्या राखणदारा, बारा गावच्या बारा वाटांचो तू मालक, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मिंगेल, वादक आणि मी, एवढेच म्हणालो.

"आज ही तुजी लेकरां, कोण नागपूरची, कोण गुजरातची, कोण दिल्लीची, कोण पिलेली, कोण न पिलेली, तुज्या पाण्यार खेळूक इली, ती वाळूत अडकान पडली, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी पिलेल्यांचा आवाज विशेष मोठा होता.

"तेंची वाट मोकळी कर. जशी हसत इली तशी हसत काठार लाव, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता सारी बोट बोलली. रडणारे मूल गप्प झाले आणि एका होकारानंतर त्याने एकट्यानेच आणखी एक होकार दिला. लोक हसले. कठडा धरून बसलेल्या गृहस्थांनी डोळे उघडले.

कुंदाताई पुढे झाल्या. "मामाजी, अलग अलग बी सांगता येते का देवाले?"

"येता. काय सांगूचा आसा?"

"माह्यं अन् सुनेचं पटत नाही."

"चूक कोणाची?"

"दोघींची." मग क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, "पण तिची जरा जास्त."

मामांनी पुन्हा हात जोडले. "ह्या कुंदाबायचा आणि तिच्या सुनेचा पटना नाय. चूक दोघांचीय आसा, सुनेची वायच जास्त, असा सासूचा म्हणणा आसा. सून हय नाय, म्हणान तिच्या वाटचा तू बघ. दोघींक एका चुलीर हसव, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," यात वानखडे यजमानांचा स्वर सर्वांवर चढला. कुंदाताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिले.

मग तर रांगच लागली. दिल्लीच्या एका तरुणाला नोकरी हवी होती, गुजरातेतील एका आजीला गुडघे हवे होते. मिंगेल त्यांच्या भाषेत ऐके आणि मामांच्या कानात सांगे. मामा देवाला सांगत. बोट होकार भरी. अंधार चांगलाच उतरला होता, मंद दिव्यांत माणसांची तोंडे उजळली होती आणि आपण अडकलो आहोत याचा बहुतेकांना विसर पडला होता.

रांगेच्या शेवटी सुलक्षा येऊन उभी राहिली.

तिला पाहताच मामांचे जोडलेले हात किंचित खाली आले. कुंदाताईंच्या कृपेने अर्ध्या बोटीला आमची हकीकत एव्हाना कळली होती. त्यामुळे जी शांतता पसरली तिच्यात बोटीच्या अंगाला लागणारे पाणी ऐकू येऊ लागले.

"तुजा काय?" मामांनी विचारले.

"मामानू, माजाय एक गाराणा घालशात?" ती म्हणाली. "एक माणूस माज्यार रागावलो हा. तेणी माका अजून सारख्या बघूकय नाय. पाठ करून बसलो. तेचो राग जावंदे, इतक्याच."

मामा तिच्याकडे पाहत राहिले. त्या संध्याकाळी ते तिच्याकडे प्रथमच नीट पाहत होते.

"आणि नाय गेलो तर?"

"तर देवाची मर्जी. गाराणा घालूचा तुमच्याकडे. पुढचा खंय तुमच्याकडे आसा?"

मागे कुंदाताई पुटपुटल्या, "आता बोला."

मामा अडकले होते. बोट वाळूत अडकली होती त्याहून घट्ट. त्यांच्या दारी आलेले गाऱ्हाणे त्यांनी आजवर परत धाडले नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पायरीवरील नारळाकडे पाहिले, पंच्याने मान पुसली, आणि हात जोडले.

"बा देवा, ह्या चेडवार एक म्हातारो रागावलो हा. म्हातारो वायट नाय, पण टकल्यान जड आसा. तेणी ह्या चेडवाचा गाणा पाठ करून आयकला, आणि पाठीक कान नसतत असा तो लोकांका दाखयता."

कोणीतरी हसले. मामा थांबले नाहीत.

"बोट अंधारात अडकली, सगळ्यांचे आवाज गेले, तरी चेडवान हातातला गाणा अर्ध्यार टाकूक नाय. ता म्हाताऱ्यान आयकला. आता तेच्या मनातलो राग काढ, आणि ह्या मांडवीच्या तळाक न्हेवन पूर, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तसा होकार मी आंबेखोलच्या जत्रेतही ऐकला नव्हता. तो पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला असावा, कारण तिकडे कोठेतरी एक कुत्रे भुंकू लागले. सुलक्षाने मामांना नमस्कार केला आणि ती मंचावर परत गेली. मामांनी पायरीवरचा नारळ उचलला.

"मामाजी, पाण्यात सोडत नाही का जी?" कुंदाताईंनी विचारले.

"सोडतलंय, सोडतलंय," मामा म्हणाले, आणि नारळ पिशवीत घालून आपल्या जागी जाऊन बसले. मात्र खुर्ची त्यांनी मंचाकडे वळविली होती, की माणसांच्या धक्क्याने ती वळली होती, हे मला सांगता येणार नाही.

वाद्यवृंदाने विजेवाचून सुरुवात केली. एक ढोलकी, एक गिटार, एक तुतारीवजा पितळी वाद्य आणि नुसत्या गळ्याचे गाणे. बिघाडापूर्वी जे नाचत नव्हते तेही आता उठले. वानखडे पतिपत्नी फुगडी घालू लागली. गुजरातेतील आजी बसल्या जागी हात फिरवू लागल्या. प्यालेवाले गृहस्थ रिकाम्या हातांनी, अतिशय विनयाने नाचत होते. मिंगेलने मला ओढून त्या गर्दीत ढकलले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नाचलो. वाईट नाचलो, परंतु मनापासून. नाचता नाचता माझी नजर वर गेली तेव्हा डोक्यावरून पूल सरकत होता.

बोट केव्हाच सुटली होती. त्या गडबडीत ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

धक्क्याला लागल्यावर लोक मामांना नमस्कार करून उतरू लागले. कुंदाताईंनी उरलेला चिवडा आमच्या हवाली केला आणि मला बजावले, "पत्रिका पाठवा जी, नाहीतर मी रागावीन अन् माह्यं गाऱ्हाणं कोणी घालाचं नाही." आम्ही दोघे धक्क्यावरील दिव्याखाली थांबलो. मला राहवेना.

"मामा, मग काय ठरवलंत?"

"मी कोण ठरवणारो? मी सांगणारो. सांगलंय."

"पण राग गेला का?"

"माका कित्याक विचारतंस? ज्याका राग इलो तेका विचार," मामा म्हणाले आणि नदीकडे पाहू लागले. या माणसापुढे वकीलही हरला असता.

एवढ्यात सुलक्षा वादकांसमवेत फळीवरून उतरली. आम्हाला पाहून ती जवळ आली व मामांच्या पाया पडली. मामांनी हातातली पिशवी सावरली. मग घसा साफ करून म्हणाले,

"तुजा गाराणा मी घातलंय. पण ता अर्ध्या रवला."

"कसा, मामानू?"

"सगळी बोट व्हय म्हणाली. ज्यान म्हणूक व्हया होता, तो तेवढो गप रवलो." त्यांनी पिशवीत हात घातला. "पदर पसर."

तिच्या अंगावर पोशाख मंचावरचाच होता. त्याला पदर कोठून असणार? ती क्षणभर गोंधळली. मग तिने त्या निळ्या झग्याचा पुढचा घेर दोन्ही हातांनी उचलून पसरला. त्या घेराच्या चुण्या घालताना मी कापड मुद्दाम थोडे सढळ धरले होते. कशासाठी, ते तेव्हा मला ठाऊक नव्हते.

मामांनी आपल्या परसातल्या माडाचा तो नारळ त्या घेरात ठेवला, तिच्या मस्तकावर हात ठेवला, आणि जे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकले नव्हते ते अगदी हलक्या आवाजात, जणू दुसऱ्या कोणीतरी केलेल्या मागणीला उत्तर द्यावे तसे, उच्चारले.

"व्हय म्हाराजा."

आम्ही एस.टी. स्थानकाच्या वाटेला लागलो, तेव्हा कोठे खडे टोचू लागले आणि मामांच्या ध्यानात आले की वहाणा बोटीवरच, खुर्चीखाली राहिल्या आहेत. मी परत जाण्यासाठी वळलो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"रवांदे," ते म्हणाले. "नारळ दाखवून दिलो नाय. मांडवीक कायतरी व्हया होताच."